पाव नक्की कुणाचा?

उचापतखोर:

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो निरोप परत फिरतोय. बेकरीवाले पीठ पायाने तुडवतात म्हणून 'पाव'. त्याखाली एका काकांनी दुरुस्ती केली, की तसं नव्हे, मोठ्या रोटीचे चार भाग करायचे म्हणून एकेक भाग 'पाव'. दोघांनाही भरभरून अंगठे मिळालेत. मला दोन्ही पटत नाही आणि तिथे भांडून काही उपयोग नाही, म्हणून इथे मांडतो.

माझं म्हणणं असं, की मराठीत 'पाव' म्हणजे एकाच आडनावाची, पण एकमेकांशी कसलंही नातं नसलेली तीन कुटुंबं आहेत. पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद'वरून आला. 'देव पावला'मधला पाव 'प्राप्'वरून, म्हणजे प्राप्त होणे, पोचणे. आणि वड्याच्या पोटाखालचा पाव पोर्तुगीज. त्यांचा उच्चार साधारण 'पांव' असा, शेवट पूर्ण नाकात. मूळ लॅटिन 'पानिस'. त्याचंच स्पॅनिशमध्ये 'पान' झालं, इटालियनमध्ये 'पाने', फ्रेंचमध्ये 'पँ'.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई. वसई १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती, गोवा १९६१ पर्यंत. कोकणपट्टीच्या दोन्ही टोकांना एवढा मुक्काम पडल्यावर एक खाण्याचा शब्द मागे राहिला तर त्यात नवल काय?

तुम्ही जिथे राहता किंवा राहिलात तिथल्या भाषेत या पावांचं काय झालंय ते लिहा. पाककृती नकोत, त्यांचे धागे वेगळे आहेत.


सडेतोड_सदाशिव:

झालं, आणखी एक पोर्तुगीज शब्द. उच्चार जुळला की मूळ सापडलं असं असेल तर उद्या पावसाळाही लिस्बनहून आला म्हणाल. पीठ पायाने मळायचे ही गोष्ट खोटी नाही. मोठ्या बेकरीत मणभर मैदा हाताने कोण मळणार? यंत्रं आत्ता आली. डोळ्यासमोरचं कारण सोडून सातासमुद्रापार कशाला जायचं?


उचापतखोर:

सदाशिवराव, मळतही असतील पायाने. पण म्हणून नाव त्यावरून पडलं असं होत नाही. उसाचा रस चरकातून काढतात, त्याला आपण चरक म्हणत नाही.

नुसता उच्चार जुळतो एवढ्यावर मीही विसंबत नाही. जुळण्याची रीत बघा. पोर्तुगीजमध्ये हा नाकातला शेवट असलेले शब्द ढिगाने आहेत. त्यातला 'लेलांव' म्हणजे बोली लावून विक्री. मराठीत आला आणि झाला 'लिलाव'. शेवटचा नाकातला आवाज गळून साधा 'आव' उरला. पांवचा पाव होताना अगदी हेच घडलं. हिंदीने तोच लेलांव घेतला, पण नाकातला आवाज सोडला नाही, त्याचा 'म' केला: 'नीलाम'. कोकणीने तो अनुस्वार करून ठेवला. गोव्यात घरापुढच्या बसायच्या सोप्याला 'बाल्कांव' म्हणतात, पोर्तुगीज 'बाल्कांव'च तो. एकाच ठशाचे इतके शब्द एकाच किनाऱ्यावर सापडतात तेव्हा त्याला योगायोग म्हणवत नाही.


बडोद्याची_सून:

गुजरातीत हा घोळच होत नाही, कारण तिन्ही वेगळे लिहितात. पाव किलो म्हणजे 'पा किलो'. खायचा तो 'पाउं', अनुस्वारासकट, पाउंभाजी. तुमचा नाकातला आवाज इथे शाबूत आहे बघा. आणि देव पावतो त्या पावण्याचं इथे 'पामवुं' होतं. वर्तमानपत्रात 'मृत्यु पाम्या' असं छापतात, आपण 'मृत्यू पावले' म्हणतो ना, तसंच.

शिवाय 'पावुं' असं चौथंच एक क्रियापद आहे, अर्थ पाजणे. ते 'पिणे'च्या घरातलं. नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, झाडांना पाणी 'पाई दे'. मी विचारात, की पाण्याची पाई कशी देतात.


जुना_हिशेबनीस:

चतुर्थांशाच्या पावाबद्दल थोडं लिहितो, कारण तो सर्वांत जुना आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, तिथून पाद म्हणजे चतुर्थांश. हा अर्थ ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तातच आहे. सगळी भूतं, म्हणजे जीवमात्र, त्या पुरुषाचा एक पाद आणि उरलेले तीन पाद द्युलोकात अमृत, असं तिथे म्हटलंय. सरळ पाव आणि पाऊणचा हिशेब आहे. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पादच म्हणतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकाचे चार पाद.

आता मराठीत बघा. पाऊण म्हणजे पाद + ऊन, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. पावणेदोन, सव्वादोन म्हणताना आपण संस्कृत अपूर्णांक बोलत असतो. दीड, अडीच यांत पाद नाही, तिथे 'अर्ध' आहे. साडेतीनाचा 'औट' तर आता फक्त जुन्या माणसांना आठवतो. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करावे लागत. चार आण्यांच्या नाण्याला पावली म्हणत, रुपयाची पाव म्हणून. चवली दोन आण्यांची. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणून पावशेर वीस तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने साधारण २३३ ग्रॅम. किलो आले आणि पावामागे सतराएक ग्रॅम वाढून मिळायला लागले, दुकानदारांनी मात्र भाव वाढवून तेही वसूल केले.

तेव्हा त्या काकांना सांगा, पाव म्हणजे चौथा भाग हे खरं आहे, पण तो भाग बेकरीत पाडलेला नाही.


टवाळ_तुळशीबाग:

हिशेबनीसकाका, 'पावशेर मारून आला' यातला पावशेर कुठल्या वेदात आहे?


जुना_हिशेबनीस:

सोमरसाचं प्रकरण शोधा.


बेळगावातला_बबन:

हिशेबनीसकाकांनी पाय आणि चतुर्थांशाचं नातं सांगितलं त्यावरून. आमच्याकडे बाजारात 'काल किलो' म्हणतात. कानडीत 'कालु' म्हणजे पाय आणि 'कालु' म्हणजेच पाव! तीन चतुर्थांश म्हणजे 'मुक्कालु', तीन पाय. तमिळ, मल्याळममध्येही 'काल' म्हणजे पाय आणि चतुर्थांश दोन्ही. शब्दाचं घराणं संपूर्ण वेगळं, पाद आणि काल यांचा आपसात काही संबंध नाही, पण चार पायांवरून चौथा हिस्सा मोजायची कल्पना तीच. कुणी कुणाची उचलली की दोघांना आपापली सुचली, यावर आमच्या मास्तरांचं आणि वडिलांचं वर्षानुवर्षं वाजत होतं.

आता मजा. कानडीत 'पावु' सुद्धा आहे, तांदूळ मोजायचं पाव शेराचं माप. ते तुमच्या पादाकडचं. पण जुन्या कानडीत 'पावु' म्हणजे साप! कानडीत पुढे शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा 'ह' झाला, म्हणून आज साप म्हणजे 'हावु'. तमिळमध्ये 'पांबु', तेलुगूत 'पामु'. हजार वर्षांपूर्वी इकडे येऊन 'पाव आहे का' विचारलं असतं तर लोक काठी घेऊन धावले असते.


गोंयचो_पुतो:

काठीवरून आठवलं, पोर्तुगीजमध्ये नाक विसरून नुसतं 'पाउ' म्हटलं तर अर्थ होतो काठी, लाकूड. ब्राझील देशाचं नाव ज्या लाल लाकडावरून पडलं ते 'पाउ ब्राझील'. म्हणजे आपण मराठीत ज्या उच्चारात पाव मागतो, त्या उच्चारात लिस्बनच्या बेकरीत तुम्ही लाकूड मागत असता. त्या शब्दाचा आणखी एक असभ्य अर्थ आहे, तो इथे नको. तेव्हा तिकडे गेलात तर नाकातून मागा.

गोव्यात पाव करणारा तो पोदेर, कुणी पदेर म्हणतात. पोर्तुगीज 'पादेइरु', त्याच्याही पोटात तोच लॅटिन पानिस आहे, मधला 'न' झिजून गेला इतकंच. पाव सगळा एक नसतो. गोल, कडक कवचाचा तो उंडो. कोंडा घातलेली, मधे पोकळ ती पोय. बांगडीसारखं ते कांकण. कात्रे पाव वेगळा. माझ्या मते गरम पोयपुढे बाकी सगळे फिके, आणि यावर मी वाद घालणार नाही.

आता मुद्द्याचं. पोर्तुगीज आले तेव्हा इथे भाताचा मुलूख. गहूच बाहेरून आणावा लागे, यीस्ट मिळत नव्हतं. मग पीठ आंबवायला माडाची सूर घातली, म्हणजे ताडीसारखी. दक्षिण गोव्यात, सासष्टीतल्या माजोर्डा गावाचं नाव घेतात, तिथे जेजुइट पाद्र्यांनी गावच्या लोकांना भट्टीचं काम शिकवलं म्हणून. पुढे हेच गोंयकार मुंबईत बेकऱ्यांमधून कामाला गेले.

आणि कोकणीत 'पावप' म्हणजे पोचणे. 'हांव पावलों' म्हणजे मी पोचलो. सकाळी पोदेराच्या सायकलचा पों पों ऐकू आला की घरात म्हणतात, 'पाव पावलो'. तुमची दोन कुटुंबं एका वाक्यात.


मुलुंडची_मावशी:

गोंयचो_पुतो, 'माका पाव' राहिलं. मुंबईत आमच्या लहानपणी ख्रिस्ती मुलांना चिडवायचे. वाईट वाटायचं मला, शेजारी होते आमचे. माका म्हणजे मला, एवढंही चिडवणाऱ्यांना ठाऊक नसायचं.


गोंयचो_पुतो:

हो मावशी, मुद्दाम गाळलं होतं. त्याच्या मागे जुना इतिहास आहे. पाव म्हणजे फिरंग्यांचं अन्न. विहिरीत पाव टाकला आणि नकळत ते पाणी प्यायलेला गाव बाटला, ही गोष्ट गोव्यापासून वसईपर्यंत सगळीकडे सांगतात. एका खाण्याने माणसाची जात ठरायची. आज तोच पाव वड्याबरोबर, मिसळीबरोबर, भाजीबरोबर, अंड्याबरोबर, उपास सोडताना सुद्धा चालतो.


सडेतोड_सदाशिव:

सगळं वाचलं. एक शंका. तुमचा सगळा डोलारा नाकातल्या उच्चारावर उभा आहे. हिंदीत पायाला काय म्हणतात? पाँव! नाकातूनच. आणि जुनी हिंदी माणसं 'पाँवरोटी' लिहितात. म्हणजे अनुस्वार असूनही पायच निघाला की नाही?


शोनार_कोल्हापूर:

सदाशिवराव, प्रश्न बिनतोड आहे, पण बंगालीत टिकत नाही. मी लग्नानंतर कोलकात्यात आहे. इथे पाय म्हणजे 'पा'. पाव शेर, पाव किलोतला तो 'पोया'. मिळणे म्हणजे 'पावा', लिहितात पाओया असं. आणि ब्रेड म्हणजे 'पाउरुटी'. चारही वेगळे. पायाने मळतात म्हणून नाव पडलं असतं तर पा-रुटी झालं असतं, आणि चौथा भाग म्हणून पडलं असतं तर पोया-रुटी. हा 'पाउ' बंगालीत दुसऱ्या कुठल्याच कामाला येत नाही. पाहुण्यासारखा वेगळा बसलाय. आणि पाउ म्हणजे रोटी, रुटी म्हणजे पण रोटी. कळलं नाही म्हणून लोकांनी खाली अर्थ लिहून ठेवला म्हणा ना!

हिंदीवाल्यांना पाँव हा शब्द घरातच होता, म्हणून त्यांनी परक्या शब्दाला तो जोडून टाकला. तुमचा निरोप तिथूनच निघाला असणार. मराठीत पायाला पाव म्हणतच नाहीत, पाय किंवा पाऊल.


ओसाका_मुक्कामी:

इथे जपानात पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले, त्यानंतर आलेला शब्द. पायाला जपानीत 'आशि' म्हणतात आणि पाव भागाला 'योंबुन नो इचि', त्यामुळे इथे तुमचा वादच उद्भवत नाही.

गोंयचो_पुतो यांनी सुरेचं लिहिलंय त्यावरून लिहायलाच हवं. तोक्योत गिंझाला किमुराया म्हणून जुनी बेकरी आहे. त्यांनी १८७४ च्या सुमारास 'आन्पान' काढला, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण. पुरणपोळीच्या माणसाला पहिल्या घासात आवडतो. जपान्यांना युरोपी पावाचा वास आणि कडकपणा रुचत नव्हता, तर यांनी पीठ आंबवायला तांदळाच्या साकेचं विरजण वापरलं. ४ एप्रिल १८७५ ला तो मेइजी सम्राटाला दिला, आणि मग काय, सगळ्या देशात गेला. गोव्यात माडाची सूर, इथे तांदळाची दारू. पाव जिथे गेला तिथली स्थानिक मद्यं पिऊनच फुगला.

जपान्यांकडून तो पुढे गेला. कोरियनमध्ये 'पांग', तैवानच्या स्थानिक बोलीत 'फांग'. चिनी 'बाओ', तो वाफवलेला, त्याचा याच्याशी संबंध नाही, जुळलेला फक्त आवाज. फिलिपिनोंचा 'सिओपाओ' ऐकून मी फसणार होतो, तोही चिनी बाओच.


टवाळ_तुळशीबाग:

मग जपानात 'पान खाणार का' म्हटलं की पाव येतो?


कोलंबो_कॉलिंग:

जपान कशाला, श्रीलंकेत या. सिंहलीत पावाला 'पान'च म्हणतात, इथल्या तमिळांतही 'पाण'. पोर्तुगीज इथे १५०५ मध्ये आले, गोव्याच्याही आधी. जेवणानंतर हॉटेलात मी 'पान' विचारलं तर वेटर गोंधळला, एवढं जेवून ह्याला अजून पाव हवाय. खायच्या पानाला इथे 'बुलत' म्हणतात. आपलं पान पर्णातून आलेलं, त्यांचं पानिसातून.

गोव्यात सायकलचा पों पों, इथे रिक्षावर काचेचं कपाट बांधून पाव विकतात आणि भोंग्यावर बीथोवनची 'फ्यूर एलीझं' ही धून वाजवतात. गाडीला नावच 'चून पान', धूनवाला पाव. ती धून कुठेही कानावर आली की मला आता भूक लागते.


लुधियाना_रिटर्न:

पंजाबीत पाव किलो म्हणजे 'पा'. 'पाउणा' म्हणजे मिळवणे आणि घालणे सुद्धा. चहात साखर घाल म्हणायचं तर 'खंड पा'. आणि थोरल्या भावाला 'भाजी' म्हणतात, पण त्यांच्या बोलण्यात 'भ' आपल्या कानाला 'प' ऐकू येतो, म्हणून 'पाजी'. आता पावभाजी या शब्दाची पंजाबीत किती प्रकारे वाट लागते ते तुम्हीच ठरवा.


काय_पावनं:

माझं नाव बघून तरी मला विचारा. कोल्हापूरकडं 'पावनं' म्हणतो ते 'पावणे'वरून आलं का? घरी येऊन पोचला तो पावना?


जुना_हिशेबनीस:

छान जुळतंय, पण नाही. पाहुणा हा प्राकृत 'पाहुण', संस्कृत 'प्राघुण' यावरून. तुमच्याकडे मधला 'ह' गेला आणि 'व' आला. तसंच 'पतितपावन'मधलं पावन वेगळं, ते 'पू' म्हणजे शुद्ध करणे यावरून. पावसाचं मूळ प्रावृष्. सदाशिवरावांना पावसाळ्याची चिंता होती म्हणून सांगितलं.

'पावणे'ची खरी मुलं म्हणजे पावती. मिळाल्याची खूण ती पावती, पोचल्याची ती पोचपावती. गणपतीच्या आरतीत 'संकटी पावावे' म्हणतो, तिथे पोचणं आणि प्रसन्न होणं दोन्ही एकत्र आहे. धावून ये, असा अर्थ. नंतर देवाच्या बाबतीत 'पावणे' म्हणजे नवसाला उत्तर देणं एवढंच उरलं, कारण देव पोचतो तोच मुळी नवस फेडून घ्यायला.


उचापतखोर:

काका, पुरुषसूक्तापासून वर्गणीच्या पावतीपर्यंत आणलंत!

मी एक भर घालतो, इंग्रजीची. त्यांनी पावाला वेगळा शब्द ठेवला, पण पानिस त्यांच्याही घरात शिरला आहे. लॅटिनमध्ये एका पावातलं खाणारा जोडीदार तो 'कोम्पानिओ', कोम म्हणजे सह आणि पानिस म्हणजे पाव. त्यावरून कंपॅनियन, त्यावरून कंपनी. रेल्वेच्या पँट्री कारमधली पँट्री म्हणजे मुळात पाव ठेवायची खोली. आणि लॉर्ड हा तर त्यांचा अस्सल स्वतःचा शब्द, जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ्वेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार. ह्लाफ म्हणजे आजचा लोफ. लॉर्डवरून आपला लाटसाहेब. कंपनी सरकारच्या लाटसाहेबाने आपल्यावर राज्य केलं, म्हणजे सहपावी मंडळाच्या पावराखणाने केलं.


मुलुंडची_मावशी:

आणि आपण त्यांना घालवून पाव ठेवून घेतला. बरं केलं.


सडेतोड_सदाशिव:

लिलाव आणि बंगाली पाउरुटी, एवढे दोन मुद्दे दखल घेण्यासारखे आहेत. बाकी निम्मा धागा खाण्याचा झाला. पायाने मळत होते यावर मी अजूनही ठाम आहे.


गोंयचो_पुतो:

त्यावर कुणाचाच आक्षेप नाही सदाशिवबाब. गोव्याला या, पोदेराकडे नेतो. हात असतात की पाय ते तुम्हीच बघा.


हैदराबादी_हौशी:

उशिरा आले. तेलुगूत 'पावु' म्हणजे चौथा भाग, वजनाला आणि वेळेलाही. 'पावु गंट' म्हणजे पाव तास, पंधरा मिनिटं. पाऊण म्हणजे 'मुप्पावु', तीन पाव. बबनच्या मुक्कालुसारखंच, फक्त पायाच्या जागी पाव बसलाय. खायच्या पावाला मात्र इथे ब्रेड किंवा बन म्हणायचं. मी सवयीने कोपऱ्यावरच्या दुकानात 'पावु' मागते, आणि दुकानदार दर वेळी तराजूकडे हात नेत विचारतो, पावु काय? साखर, की रवा?